मशीनच्या चालीवरून देखभालीचं काम काढणारं सॉफ्टवेअर कसं निवडावं

मशीनची रीडिंग क्षणोक्षणी दाखवणारी सॉफ्टवेअर पुष्कळ आहेत. रीडिंग बिघडलं की त्यातून नेमकं काम काढून ते वेळेत, योग्य माणसाकडे आणि एकदाच पाठवणारी फार थोडी. खरेदीच्या बैठकांमध्ये मात्र बहुतेक वेळ रंगीत आलेख बघण्यात जातो. आलेख सगळ्यांचेच छान असतात, त्यावरून निवड होत नाही. सिग्नल निघाल्यापासून वर्क ऑर्डर, म्हणजे देखभालीच्या कामाची नोंद, बंद होईपर्यंतचा पूर्ण रस्ता तपासला, तरच एका सॉफ्टवेअरमधला आणि दुसऱ्यामधला फरक कळतो.

सुरुवात बिघाडांच्या यादीपासून

कुठल्याही विक्रेत्याला बोलावण्याआधी मागच्या 12 ते 24 महिन्यांचं ब्रेकडाऊन रजिस्टर काढा. मशीनवार किती तास गेले ते मांडा आणि सर्वांत जास्त तास खाणारे 10 ते 15 बिघाड निवडा. "मशीन बंद पडली" अशी नोंद उपयोगाची नाही. कोणता भाग, कसा गेला, हे लिहिलेलं हवं. उदाहरणार्थ "स्पिंडलचं पुढचं बेअरिंग जाम", "क्लॅम्प सिलिंडरचं सील गळतं", "कूलंट पंपाची मोटर जळाली". अशा नोंदी नसतील तर जुन्या फिटरजवळ बसून आठवणीतून यादी करा. ती अपुरी असली तरी विक्रेत्याच्या तयार यादीपेक्षा जास्त कामाची ठरते.

आता प्रत्येक बिघाडापुढे एक प्रश्न: लक्षण पहिल्यांदा दिसण्यापासून भाग निकामी होईपर्यंत किती वेळ मिळतो? देखभालीच्या भाषेत याला पी-एफ अंतर म्हणतात आणि सॉफ्टवेअरच्या बऱ्याच गरजा यातूनच ठरतात. साधारण नियम असा, की मोजणी या अंतराच्या निम्म्यापेक्षा कमी कालावधीने व्हावी. बेअरिंग तीन-चार आठवडे आधी इशारा देत असेल तर तासाला एक रीडिंगही भरपूर झालं. तिथे मिलिसेकंदांच्या गप्पांसाठी पैसे मोजायचं कारण नाही. उलट, टूल तुटणं ही सेकंदाच्या आतली घटना. तिथे मशीन थांबवायचं काम कंट्रोलरनेच करायचं असतं, देखभालीच्या सॉफ्टवेअरचा तिथे संबंध नाही.

हे अंतर स्पेअर पार्ट मिळायला लागणाऱ्या वेळेशीही ताडून पाहा. इशारा तीन आठवडे आधी मिळतो आणि भाग यायला सहा आठवडे लागतात, अशा ठिकाणी सॉफ्टवेअर फक्त काळजी वाढवतं. तो भाग आधी स्टोअरमध्ये आणून ठेवावा लागेल.

काही बिघाड यादीतून सरळ काढून टाका. ड्राइव्हमधलं इलेक्ट्रॉनिक कार्ड बहुतेक वेळा कसलाही इशारा न देता जातं. याच्या उलट गैरसमज कॅलेंडरबद्दल असतो: प्रत्येक भाग ठराविक वयाला झिजतोच, म्हणून ठराविक तारखेला बदलावा. नोलन आणि हीप यांनी विमानांच्या देखभालीवर 1978 साली मांडलेल्या अभ्यासात केवळ 11 टक्के भागांना वयाची मर्यादा घालून फायदा होण्यासारखा होता. कारखान्यातलं प्रमाण वेगळं असू शकतं. तरीही फिल्टर, सील, पट्टे यांसारख्या झिजणाऱ्या वस्तू सोडल्या तर तारखेवर विसंबण्याला फारसा आधार नाही.

सिग्नल कुठून मिळेल

सेन्सर विकत घेण्याआधी पीएलसीत, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये, काय पडलं आहे ते पाहा. क्लॅम्प बंद व्हायला लागणारा वेळ हा फुकटातला उत्तम सिग्नल. नेहमी 1.2 सेकंद घेणारा सिलिंडर हळूहळू 1.6 सेकंदांवर आला, तर सील गळतंय, हवेचा दाब कमी आहे किंवा गाईड अडकतंय. स्पिंडल लोड, सर्व्होचा करंट, अलार्मची वारंवारता, एक-दोन मिनिटांचे छोटे थांबे, रिजेक्शनचं प्रमाण हे सगळं बहुतेक मशीनमध्ये आधीच मोजलं जात असतं.

ओईई, म्हणजे मशीनच्या एकूण कार्यक्षमतेचा आकडा, मात्र ट्रिगर म्हणून वापरू नका. उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता यांचा तो गुणाकार. तो घसरला तर कच्चा माल उशिरा आला असेल, ऑपरेटर नवा असेल किंवा बेअरिंग खरंच जात असेल. मॅनेजरला तो आकडा हवा, पण फिटरला त्यातून काहीच कळत नाही. विक्रेता "ओईई 70 च्या खाली गेला की वर्क ऑर्डर" असा डेमो दाखवत असेल तर त्याने शॉप फ्लोअर फारसा पाहिलेला नाही असं खुशाल समजा.

कंपनाचे सेन्सर बसवायचे असतील तर दोन गोष्टी स्पष्ट असाव्यात. आयएसओ 20816-3 या मानकात 15 ते 300 किलोवॅटच्या, भक्कम पायावर बसवलेल्या मशीनसाठी कंपनाच्या वेगाच्या झोनच्या (चांगलं ते धोकादायक अशा पायऱ्यांच्या) सीमा 1.4, 2.8 आणि 4.5 मिमी प्रति सेकंद आरएमएस (एक प्रकारची सरासरी) अशा आहेत. पंखे, ब्लोअर, मोटर यांच्यासाठी सुरुवातीची मर्यादा म्हणून हे आकडे चालतात. सीएनसीच्या (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या कटिंग मशीनच्या) स्पिंडलला ते लावू नका. दुसरं म्हणजे, कंपनाच्या वेगाचं एकूण मूल्य असंतुलन आणि अलाइनमेंट चांगलं पकडतं, पण बेअरिंगची सुरुवातीची खराबी उच्च वारंवारतेत असते आणि या आकड्यात ती दिसतच नाही. तिच्यासाठी प्रवेगाचं किंवा एन्व्हलपचं (उच्च वारंवारतेतले ठोके वेगळे काढणारं) मोजमाप लागतं. सॉफ्टवेअर यातलं नेमकं काय साठवतं आणि कशावर नियम लावू देतं, हे विचारून घ्या.

डेटाचा आकारही आधीच काढा. दर सेकंदाला एक रीडिंग म्हणजे एका टॅगची (मोजल्या जाणाऱ्या एका मूल्याची) दिवसाला 86,400 रीडिंग. 20 मशीन आणि प्रत्येकी 50 टॅग धरले तर 8 कोटी 64 लाख. कंपनाचा कच्चा सिग्नल तर सेकंदाला 25,600 नमुने आणि प्रत्येकी 2 बाइट या हिशेबाने एका चॅनलला दिवसाला सुमारे 4.4 जीबी भरतो. म्हणून कंपनाचं गणित मशीनजवळच्या एज उपकरणातच व्हावं आणि वर फक्त निष्कर्षाचे आकडे जावेत. कच्चा सिग्नल मर्यादा ओलांडल्यावर काही सेकंदांपुरता साठवला की पुरतो.

नियम लिहिता येतात का

पूर्ण सॉफ्टवेअरचा कस इथे लागतो, म्हणून तपासणीचा सर्वांत जास्त वेळ इथेच द्या. "अमुक आकडा ओलांडला की काम काढा" एवढंच जमत असेल तर पहिल्या महिन्यात खोट्या इशाऱ्यांचा ढीग पडतो आणि दुसऱ्या महिन्यात लोक त्याकडे बघणं सोडतात.

हायड्रॉलिक पॉवर पॅकच्या फिल्टरचं उदाहरण घ्या. फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक वाढला की फिल्टर चोंदला. पण पहाटे तेल थंड आणि घट्ट असताना स्वच्छ फिल्टरवरही हा फरक वाढतो. साधा नियम लावला तर रोज पहिल्या शिफ्टला एक वर्क ऑर्डर निघेल. बरोबर नियम असा लागेल: पंप लोडवर आहे, तेलाचं तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर आहे, आणि दाबातला फरक सलग 10 मिनिटं मर्यादेच्या वर आहे. मर्यादाही विचारपूर्वक ठेवावी लागते. बायपास व्हॉल्व्ह 3.5 बारला उघडत असेल तर काम 2.5 बारच्या आसपासच निघायला हवं, कारण बायपास उघडल्यावर घाण तेल सरळ पुढे जातं. शिवाय हाच फरक अचानक जवळजवळ शून्यावर आला तर आनंद मानू नका. एलिमेंट फाटलं असेल किंवा कोणी बसवायलाच विसरलं असेल. त्यासाठी वेगळा नियम लागतो.

या एका फिल्टरसाठी सॉफ्टवेअरमध्ये काय काय असावं लागलं पाहा: अनेक अटी एकत्र जोडणं, मशीनची स्थिती ओळखणं, ठराविक वेळ टिकण्याची अट आणि खालची मर्यादा. त्यात आणखी दोन गोष्टींची भर घाला. एक हिस्टेरेसिस, म्हणजे कंपनाचा इशारा 4.5 वर लागला तर तो 3.8 च्या खाली आल्यावरच सुटावा. नाहीतर रीडिंग सीमेवर डोलत राहिलं की इशारे फडफडत राहतात. दुसरी, बदलाचा वेग: आकडा अजून मर्यादेत असेल, पण आठवडाभर रोज थोडा थोडा चढत असेल, तर तेही कळायला हवं.

सीएनसीवर याहून अवघड प्रश्न असतो तो संदर्भाचा. स्पिंडल लोड 60 टक्के हा आकडा एका पार्टला नेहमीचा, दुसऱ्याला धोक्याचा. पार्ट प्रोग्रामचा क्रमांक, टूल क्रमांक आणि मटेरियल यांच्यानुसार मर्यादा वेगळी ठेवता येत नसेल, तर ते सॉफ्टवेअर मशीनिंगसाठी बाद समजा. यावर एक सोपी युक्ती आहे. रोज शिफ्टच्या सुरुवातीला बिनाकामाचा एक ठराविक वॉर्म-अप प्रोग्राम चालवा आणि फक्त त्या वेळचे लोड व कंपन यांची तुलना करा. मग पार्ट कोणता आहे याचा संबंधच उरत नाही.

सेन्सरचा बिघाड आणि मशीनचा बिघाड सॉफ्टवेअरने वेगळे ओळखायला हवेत. 4 ते 20 मिलिॲम्पिअरच्या सिग्नलमध्ये 4 म्हणजे शून्य रीडिंग, करंट 3.6 च्या खाली गेला तर बहुधा तार तुटली आहे. तेव्हा "दाब शून्य, पंप तपासा" असं काम न निघता "सेन्सर तपासा" असं निघावं. तासन् तास दशांशानेही न हलणारं रीडिंगसुद्धा संशयास्पदच. चालू तासांच्या काउंटरवर काम काढायचं असेल तर तो पीएलसी रीस्टार्ट झाल्यावर शून्य होतो का ते पाहा. 16 बिटांचा काउंटर 65,535 नंतर परत शून्यावर येतो. सॉफ्टवेअरने हे सांभाळलं नाही तर ग्रीसिंगचं काम कधीच निघत नाही, किंवा एकदम दहा निघतात.

आता एआयबद्दल, कारण तो विषय निघाल्याशिवाय विक्रेता उठत नाही. उरलेलं आयुष्य दिवसांत सांगणाऱ्या मॉडेलला शिकायला त्याच प्रकारच्या बिघाडाची बरीच उदाहरणं लागतात. तुमच्याकडे त्या स्पिंडलचे दोनच बिघाड झाले असतील, तर मॉडेल नेमकं कशावर शिकलं आहे ते विचारा. "नेहमीपेक्षा वेगळं वागतंय" एवढंच सांगणारी पद्धत अधिक प्रामाणिक आणि उपयोगी असते. पण तिच्यावरून थेट दुरुस्तीचं काम काढू नका, पाहणीचं काढा.

वर्क ऑर्डरच्या बाजूला काय तपासावं

पहिलं, एकाच बिघाडाची एकच वर्क ऑर्डर. काम उघडं असेपर्यंत त्याच मशीनच्या त्याच कारणाचे पुढचे इशारे त्याच कामाला जोडले जावेत. इशारा वाढत गेला तर त्याच कामाचं प्राधान्य वर सरकावं. हे नसलं तर एका रात्रीत एकाच पंपाची चाळीस कामं तयार होतात.

वर्क ऑर्डर उघडल्यावर फिटरला काय दिसतं ते मोबाइलवर पाहा, मोठ्या पडद्यावर नाही. मशीनचा नेमका भाग, कोणती अट लागली, मागच्या काही दिवसांचा त्या रीडिंगचा आलेख, करायच्या पायऱ्या, लागणारा स्पेअर स्टोअरमध्ये आहे की नाही, आणि वीज-दाब तोडून कुलूप लावण्याची सूचना, एवढं एका जागी हवं. "कंपन जास्त" एवढ्या दोन शब्दांचं काम पाठवलं तर फिटर मशीनला हात लावून "ठीक आहे" लिहील आणि बंद करेल. त्यात त्याची चूक नाही.

कॅलेंडरशी मेळ हा मुद्दा बऱ्याचदा सुटतो. रीडिंगवरून मंगळवारी फिल्टर बदलला आणि शुक्रवारी तारखेप्रमाणे तोच बदलण्याचं काम आलं, तर भागही वाया आणि विश्वासही. रीडिंगवरून झालेल्या कामाने पुढची तारीख आपोआप सरकते का, हे प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा.

काम बंद करताना कारण निवडणं सक्तीचं असावं, आणि त्या यादीत "काही आढळलं नाही" हा पर्याय असायलाच हवा. नियम सुधारायचे तर हीच नोंद लागते. यादी दहा-बारा पर्यायांपेक्षा लांब झाली की सगळे पहिलाच पर्याय निवडतात.

कोणत्या घडणीचं सॉफ्टवेअर

ढोबळमानाने तीन घडणी आढळतात. एमईएसमध्येच, म्हणजे उत्पादन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच, देखभालीचा भाग असेल, तर पार्ट क्रमांक आणि उत्पादनाचं वेळापत्रक हाताशी असतं, त्यामुळे संदर्भ सहज मिळतो आणि मशीन कधी थांबवता येईल हेही कळतं. स्पेअर आणि खर्चाचा हिशेब मात्र बहुधा कच्चा असतो. सीएमएमएसला, म्हणजे देखभालीच्या कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला, सेन्सरची जोड दिलेली असेल तर वर्क ऑर्डरची बाजू पक्की, नियमांची बाजू अनेकदा साध्या मर्यादेपुरती. तिसरी घडण म्हणजे स्वतंत्र मॉनिटरिंग प्रणाली, जी एपीआयने (दोन सॉफ्टवेअरमधल्या जोडणीने) तुमच्या चालू सीएमएमएस किंवा ईआरपीत (कंपनीचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) काम टाकते. तुमचे लोक आधीच एखाद्या सीएमएमएसमध्ये रुळले असतील तर ही तिसरी बरी. पण जोडणी दोन्ही बाजूंनी चालते का ते पाहा. काम बंद झाल्याची खबर मॉनिटरिंगकडे परत गेली नाही, तर एकच वर्क ऑर्डर ठेवण्याचा वरचा नियम कोलमडतो.

जोडणी आणि सुरक्षा

नव्या मशीनवर डेटा देण्याची ओपीसी यूए किंवा एमटीकनेक्ट ही प्रमाणित पद्धत मिळेल. एमटीकनेक्टमधून फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही. या कामाला ते चांगलंच. जुन्या पीएलसीवर मॉडबस ही जुनी पद्धत मिळेल आणि तिथे एक नेहमीची अडचण येते: दशांशाचा 32 बिटांचा आकडा दोन रजिस्टरमध्ये विभागलेला असतो आणि त्यांचा क्रम उलटा धरला तर तापमान काहीच्या काही येतं. अगदीच जुन्या मशीनला कंट्रोलरमध्ये न शिरता करंट ट्रान्सफॉर्मर आणि कंपनाचा सेन्सर बाहेरून लावणं सोपं पडतं.

देखभालीच्या सॉफ्टवेअरला पीएलसीत लिहिण्याची परवानगी देऊ नका. मशीन थांबवायची असेल तर तो निर्णय मशीनच्या इंटरलॉकचा किंवा माणसाचा. मशीनचं नेटवर्क कार्यालयीन नेटवर्कपासून वेगळं ठेवा आणि मधल्या गेटवेने (दोन नेटवर्क जोडणाऱ्या उपकरणाने) फक्त बाहेरच्या दिशेने जोडणी उघडावी. या विषयाचं मानक आयईसी 62443 आहे. विक्रेत्याला त्यातल्या कोणत्या भागानुसार काम केलंय ते विचारा. नुसतं "आम्ही सुरक्षित आहोत" हे उत्तर नव्हे.

सगळ्या मशीन आणि गेटवे यांची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) एकाच वेळेला बांधा. दोन घड्याळांत पाच मिनिटांचा फरक असला तर "पंप लोडवर असताना" ही अट चुकीच्या क्षणाला लागते आणि नियमात चूक शोधत बसावं लागतं.

डेमोत करून घ्यायच्या चाचण्या

विक्रेत्याच्या तयार डेटावर डेमो घेऊ नका. तुमची एक मशीन, तुमचा एक बिघाड घ्या आणि हे समोर करून घ्या:

1. वरचा फिल्टरचा नियम तुमच्या माणसाच्या हातून, एकही ओळ कोड न लिहिता तयार करवून घ्या. अर्ध्या तासात जमायला हवा.
2. सिग्नल जनरेटरने रीडिंग मर्यादेच्या आसपास वीस वेळा वर-खाली करा. एकच काम निघालं पाहिजे.
3. सेन्सरची तार काढा. सेन्सरचंच काम निघतं का?
4. गेटवेची नेटवर्क केबल दोन तास काढून परत लावा. मधला डेटा भरून यायला हवा, पण जुन्या रीडिंगवरून शिळी कामं निघता कामा नयेत.
5. मशीन सेटिंगवर किंवा बंद असताना नियम गप्प राहतो का ते पाहा.
6. काम बंद करा, पण रीडिंग खराबच ठेवा. ठरवलेल्या वेळाने ते पुन्हा उघडलं पाहिजे.

चौथ्या चाचणीत बरेच जण अडखळतात.

पायलट

तीन ते पाच मशीन घ्या, आणि त्यांत निदान एक जुनी व कटकटीची असू द्या. पहिले चार ते सहा आठवडे नियम चालू ठेवा, पण निघालेली कामं फिटरकडे न पाठवता देखभाल इंजिनिअरकडेच जाऊ द्या. तो रोज बघेल: इशारा खरा होता का, आणि जे बिघाड झाले त्यांचा इशारा आला होता का. या काळात मर्यादा बऱ्याच हलवाव्या लागतात, ते अपेक्षितच आहे. खऱ्या निघणाऱ्या कामांचं प्रमाण निम्म्याच्या वर गेल्याशिवाय फिटरकडे कामं सोडू नका. एकदा त्यांचा विश्वास उडाला की तो परत मिळवणं सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा अवघड जातं.

पुढचे सहा ते आठ आठवडे प्रत्यक्ष कामं पाठवा. पायलटचं यश "ब्रेकडाऊन किती टक्क्यांनी घटले" यावर मोजायचा मोह होईल. तीन महिने आणि पाच मशीन एवढ्यात तो आकडा निव्वळ योगायोगानेही हलतो. त्याऐवजी इशारा ते काम सुरू होण्यातला वेळ, खऱ्या इशाऱ्यांचं प्रमाण आणि हुकलेले बिघाड एवढं मोजा.

करार करताना

परवाना टॅगवर, मशीनवर की वापरणाऱ्यांवर आहे ते आधी पाहा. टॅगवर असेल तर पायलटमधले 50 टॅग पुढे 1000 होतात आणि हिशेब बदलतो. वापरणाऱ्यांवर असेल तर खर्च वाचवायला एकाच लॉगिनवर पूर्ण शिफ्ट काम करते आणि कोणी काय केलं याची नोंद निरर्थक होते.

करार संपल्यावर रीडिंग, वर्क ऑर्डरचा इतिहास आणि नियमांच्या व्याख्या सीएसव्हीसारख्या साध्या स्वरूपात परत मिळतील असं लिहून घ्या. नियम हे तुमच्या लोकांच्या महिन्यांच्या कष्टांतून बनलेले असतात. विक्रेते डेटा द्यायला तयार होतात, नियमांबद्दल गप्प बसतात. शेवटी, मर्यादा बदलण्याचा अधिकार तुमच्या देखभाल इंजिनिअरकडे हवा, आणि कोणी, कधी, कोणता आकडा किती केला याची नोंद आपोआप राहायला हवी. दर बदलाला विक्रेत्याकडे तिकीट टाकावं लागत असेल तर ती अट सही करण्याआधीच बदलून घ्या.